शहरावरचा कोर्स: पहिल्या वर्षाला सोलापूर शिकवताना उद्दिष्टं कशी लिहावीत

‘विद्यार्थ्यांना सोलापूर शहराच्या ऐतिहासिक व सांस्कृतिक वारशाची ओळख होईल.’ शहराशी संबंधित कुठल्याही कोर्सचा आराखडा उघडा, पहिल्या पानावर हे वाक्य किंवा त्याचं भावंड सापडतंच. पुढे ‘जाणीव निर्माण होईल’, ‘आवड वाढीस लागेल’, ‘सामाजिक भान येईल’. वाक्यं चांगली आहेत, हेतूही चांगला आहे, पण वर्षअखेरीला ती तपासायची कशी? तपासता येत नाहीत म्हणून मग ‘टिपा लिहा: सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, सोलापुरी चादर’ असा प्रश्न येतो, मुलं गाइडातल्या टिपा उतरवतात आणि शहर जिथल्या तिथं राहतं.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी असा कोर्स बांधणाऱ्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. माझा आग्रह एकच आहे. उद्दिष्ट लिहिताना क्रियापद असं निवडा, की काम झालं की नाही हे हातातल्या कागदावर दिसेल. काढतो, मोजतो, ताडून पाहतो, विचारतो, लिहून परत नेऊन देतो. आणि प्रत्येक उद्दिष्टाला सोलापुरातली एक ठरावीक जागा हवी. ‘शहर’ म्हटलं की काहीच डोळ्यांपुढे येत नाही. ‘साखर पेठेतली एक गल्ली’ म्हटलं की लगेच प्रश्न सुचायला लागतात.

आधी वेळेचा हिशोब, कारण बहुतेक आराखडे इथेच फसतात. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचा कोर्स असेल तर ६० तास, पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला चार. या चारातले दोनच तास बाहेर धरा. कॉलेजातून निघून, रिक्षा किंवा बस पकडून, सगळे एकत्र जमेपर्यंत अर्धा तास जातो आणि परतल्यावर वह्या नीट करायला तासभर लागतो. तो तास कापला तर बाहेरचे दोन्ही तास वाया गेले म्हणून समजा. या हिशोबात चार उद्दिष्टं बसतात, फार तर पाच. नऊ-दहा उद्दिष्टांचा आराखडा समितीत छान दिसतो, पण त्यातलं एकही पुरं होत नाही.

पहिलं उद्दिष्ट नकाशाचं ठेवा. मी ते असं लिहीन: विद्यार्थी सुमारे ३०० मीटर लांबीच्या एका रस्त्याचा प्रमाणबद्ध नकाशा हाताने काढेल, त्यावर तळमजल्यांचा वापर पाच खुणांनी दाखवेल आणि नकाशातून निघणारी दोन निरीक्षणं प्रत्येकी तीन वाक्यांत लिहील.

मोबाईलवर सगळं शहर तयार असताना हाताने नकाशा कशाला, असं मुलं विचारणारच. मोबाईलच्या नकाशात बंद शटर दिसत नाही. मागाचा आवाज कुठल्या घरातून येतो ते दिसत नाही, पाण्याची तोटी कुणाच्या दारात आहे ते दिसत नाही. हाताने काढायला बसलं की प्रत्येक दारापाशी थांबावंच लागतं, आणि या थांबण्यासाठीच सगळा खटाटोप आहे.

पद्धत सोपी आहे, पण क्रम चुकवू नका. कॉलेजच्या मैदानावर ३० मीटरचा टेप टाका. प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या चालीने ते अंतर तीनदा चालायचं आणि पावलांची सरासरी काढायची. ४२ पावलं आली तर एक पाऊल साधारण ७१ सेंटिमीटरचं. आता गल्लीत जा. पाच जणांचा गट पुरे: एक पावलं मोजतो, एक आकडे टिपतो, एक कच्ची आकृती काढतो, एक खुणा भरतो आणि पाचवा लोकांशी बोलतो. भूमिका दर आठवड्याला बदला, नाहीतर ज्याचं अक्षर चांगलं तोच वर्षभर लिहीत बसतो. प्रमाण १ सेंटिमीटरला १० मीटर. ३०० मीटरचा रस्ता ३० सेंटिमीटरचा होतो आणि ए-थ्री कागदाच्या ४२ सेंटिमीटरच्या बाजूवर सूची, शीर्षक आणि उत्तरदिशेचा बाण यांना जागा उरते.

चुका कुठे होतात तेही सांगतो. गर्दीच्या गल्लीत गाड्या चुकवत चालताना पाऊल आखूड पडतं, त्यामुळे मैदानावरचं माप तिथे लागू होत नाही आणि रस्ता कागदावर लांबतो. उपाय असा, की विजेच्या दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजायचं आणि पावलांच्या मापाशी ताडायचं. फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर सकाळी लवकर येऊन पुन्हा मोजायचं. मोबाईलवरचा निळा ठिपका अरुंद गल्लीत या घरावरून त्या घरावर उड्या मारतो, कारण दोन्ही बाजूंच्या भिंती उपग्रहाचा संकेत अडवतात. तो फक्त गल्लीच्या दोन टोकांच्या चौकांसाठी वापरा. मोबाईलमधलं होकायंत्र लोखंडी शटर आणि उभ्या गाड्यांजवळ बहकतं, म्हणून उत्तर दिशा मोकळ्या चौकात उभं राहूनच घ्यायची.

खुणा पाचच ठेवा: राहतं घर, दुकान, कारखाना, घर आणि कारखाना एकत्र, बंद. चौथी खूण पूर्व भागात फार महत्त्वाची आहे, कारण तिथे पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागे संसार ही रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘बंद’ लिहिताना मात्र घाई नको. आज सुट्टी म्हणून बंद आणि दहा वर्षांपासून बंद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलपाचा गंज बघा, विजेचा मीटर जागेवर आहे का बघा, उंबऱ्याशी साचलेली धूळ बघा आणि शेवटी शेजारच्या दुकानदाराला विचारा. एका गल्लीत असे सहा-सात दरवाजे निघाले, की मुलं आपणहून विचारतात, ‘सर, इथले माग गेले कुठं?’ जुनी गिरणी १८७७ मध्ये निघाली, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या आणि पुढे एकेक करून बंद पडल्या. हा इतिहास त्या प्रश्नानंतर सांगितला तर लक्षात राहतो. आधी सांगितला तर ती टीप होते.

पाट्यांची भाषाही नकाशावर टिपून घ्या. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही लिप्या एकाच फेरीत दिसू शकतात असं हे शहर आहे. वर्गात तेलुगू किंवा कन्नड घरातली मुलं असतातच, एरवी ती मागच्या बाकावर गप्प असतात. या कामात त्यांच्यावाचून गटाचं पान हलत नाही. गट पाडताना हे ध्यानात ठेवा.

दुसरं उद्दिष्ट पुराव्याचं. विद्यार्थी शहरातल्या एका घटनेबद्दलचं एक विधान तीन प्रकारच्या पुराव्यांवर ताडून पाहील आणि कुठला पुरावा काय सिद्ध करतो व काय करत नाही हे एका पानात लिहील.

सोलापुरात यासाठी १९३० सालासारखा विषय नाही. ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. मे महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून मुलं रोज जातात, पण तारखा विचारल्या की ध्वज, मार्शल लॉ आणि फाशी हे सगळं एकाच आठवड्यात घडल्यासारखं सांगतात. म्हणून पहिलं काम कालरेषेचं: एका पट्टीवर एप्रिल १९३० ते जानेवारी १९३१ असे दहा महिने आखा आणि घटना त्यांच्या जागी बसवा. मे ते जानेवारी या मधल्या काळात काय झालं, हा प्रश्न त्या रिकाम्या पट्टीतूनच समोर येतो. खटला, अपील, तुरुंग ही उत्तरं मुलांनीच शोधायची.

मग ‘राष्ट्रध्वज फडकवणारी देशातली पहिली नगरपालिका’ हे विधान घ्या. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. म्हणूनच ते नीट सिद्ध करता आलं पाहिजे. सोलापुरात ध्वज फडकला याचा पुरावा वेगळा, आणि त्याआधी इतर कुठल्या नगरपालिकेवर फडकला नव्हता याचा पुरावा वेगळा. ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘एकमेव’ असे शब्द आले की पुराव्याचं ओझं किती वाढतं, हे अठरा वर्षांच्या मुलाला एकदा कळलं की पुढची तीन वर्षं त्याच्या लिखाणात दिसतं.

स्मारकावरचा किंवा इमारतीवरचा फलक वाचायचा तर मजकूर शब्दशः उतरवायचा, अशुद्ध असेल तर तसाच. फलकावर दोन सालं शोधायची: घटनेचं आणि फलक लावल्याचं. दुसरं साल बहुतेक मुलं सोडून देतात. पण घटनेनंतर कित्येक वर्षांनी लावलेला फलक घटनेपेक्षा तो लावणाऱ्यांच्या काळाबद्दल अधिक सांगतो.

छापील साधनांत एक अडचण हमखास येते. जुन्या इंग्रजी कागदांत शहराचं नाव ‘शोलापूर’ असं लिहिलेलं असतं. आजच्या स्पेलिंगने शोधलं की ‘काहीच मिळत नाही’ म्हणून मुलं परत येतात. दोन्ही स्पेलिंगं फळ्यावर लिहून द्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड आपल्या जिल्ह्याचा आहे, १८८४ चा. गिरणीच्या सुरुवातीच्या दिवसांसाठी तो उपयोगी, १९३० साठी अर्थातच नाही. हे सांगावं लागतं, कारण जाड आणि जुनं पुस्तक दिसलं की त्यात सगळं असणार असं मुलांना वाटतं.

तिसरं उद्दिष्ट आकड्यांचं, आणि सोलापुरात आकडे शिकवायचे तर पाण्यावर शिकवावेत. उजनी धरणाचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटरवरून येतं, जवळचा हिप्परग्याचा तलाव एकोणिसाव्या शतकातला, आणि नळाला पाणी रोज नाही. प्रत्येक मुलाच्या घरात हा विषय आहे. त्याला फक्त आकड्यांत आणायचं.

उद्दिष्ट असं: विद्यार्थी दहा घरांच्या पाणीसाठ्याची पाहणी करून दरडोई दररोज लिटर काढेल आणि ते १३५ लिटरच्या प्रमाणाशी ताडेल. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज १३५ लिटर धरले जातात. पाच माणसांचं घर आणि चार दिवसांनी पाणी धरलं, तर ५ × ४ × १३५ म्हणजे २,७०० लिटर साठवायला हवेत. आता एका खोलीच्या घरात जा. दोनशे लिटरचं एक बॅरल आणि पंधरा लिटरच्या दहा घागरी, मिळून ३५० लिटर. भागिले वीस, म्हणजे माणशी रोज साडेसतरा लिटर. हा भागाकार मुलाने स्वतः त्या खोलीच्या दारात उभं राहून केला पाहिजे. गच्चीवर हजार लिटरच्या दोन टाक्या आणि खाली हौद असलेल्या घराचाही भागाकार त्याच वहीत, त्याच पानावर हवा.

‘तुम्ही रोज किती पाणी वापरता?’ हा प्रश्न विचारू नका. कुणालाच माहीत नसतं आणि लोक संकोचाने काहीतरी आकडा सांगतात. भांडी मोजा. घागर कितीची ते अंदाजाने लिहू नका. एक लिटरच्या बाटलीने बादलीवर आतून खुणा करून घ्या आणि त्या बादलीने एकदा घागर मोजा. दुसरी गोष्ट, नवीन पाणी आलं की बऱ्याच घरांत उरलेलं शिळं पाणी ओतून देतात किंवा धुण्याला वापरतात. ते वापरात धरायचं की नाही हे सगळ्या गटांनी आधी एकत्र ठरवा, नाहीतर आठ गटांचे आठ हिशोब होतात आणि तुलना करता येत नाही. तिसरी, पाहुणे. लग्नसराईत किंवा सणाला गेलात तर माणसांचा आकडा फुगलेला असतो. ‘काल रात्री इथे किती जण झोपले?’ असं विचारा.

पुढची पायरी शहराची. २०११ च्या जनगणनेत सोलापूर महापालिकेची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. गुणिले १३५ केलं की रोजचे सुमारे १२ कोटी ८५ लाख लिटर होतात. आकडा जुना आहे, गळती त्यात धरलेली नाही, कारखाने, दवाखाने, वसतिगृहं नाहीत. या आकड्यात काय काय नाही, याची यादी करायला लावा. माझ्या दृष्टीने गुणाकारापेक्षा त्या यादीला जास्त गुण द्यावेत.

आरोग्याचा धागाही इथेच जोडता येतो. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगितलं जातं. पण पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या घराने बॅरल पूर्ण रिकामं करायचं कधी? असा प्रश्न मुलाच्या अहवालात आला तर तिसरं उद्दिष्ट साध्य झालं असं मी म्हणेन.

चौथं उद्दिष्ट मुलाखतीचं. वीस मिनिटांची एक मुलाखत, आधी परवानगी घेऊन, आणि त्यातल्या किमान पाच वाक्यांचं बोलणाऱ्याच्याच शब्दांत टिपण. विडी कामगार बाई, चादरीच्या मागावरचा कामगार, कांड्या भरणारी आजी, चाटी गल्लीतला कापड दुकानदार, कुणीही चालेल. प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येतं. ‘तुमच्या काय समस्या आहेत?’ याला ‘काय सांगू बाळा’ एवढंच उत्तर मिळतं. ‘पान रात्री भिजवता की पहाटे? हजार विड्या वळायला किती वेळ जातो? त्यातल्या किती परत काढतात?’ असं विचारलं की बाई सावरून बसतात आणि बोलायला लागतात, कारण समोरच्याला कामाची कदर आहे हे त्यांना कळतं. मजुरीचा प्रश्न शेवटी आणि हजारामागे विचारा, महिन्याचा नको. त्यांचा हिशोबच हजारावर असतो.

हाक कशी मारायची तेही शिकवायचं. पूर्व भागात अक्का, अण्णा म्हटलं की दार उघडतं, ‘मॅडम’ म्हटलं की सरकारी पाहणी आली असं वाटतं. फॉर्म आणि गळ्यातली ओळखपत्रं बघून घरकुलाच्या किंवा रेशनच्या यादीत नाव घालायला आलेत असा समज होतो. तो पहिल्याच वाक्यात दूर करा: आम्ही कॉलेजातून आलोय, अभ्यासासाठी आलोय, यातून तुम्हाला काही योजना मिळणार नाही. हे बोलायला जड जातं, पण न बोलणं ही फसवणूक आहे. फोटो काम करणाऱ्या हातांचा घ्या, चेहऱ्याचा विचारूनच.

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, मुलाखती ठेवू नका. जानेवारीत संक्रांतीच्या त्या दिवसांत नंदीध्वजांचे मानकरी, पुजारी, दुकानदार, कुणालाही उसंत नसते. त्या दिवसांत फक्त निरीक्षण करा. सात नंदीध्वज आणि अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा हा शहराच्या जुन्या हद्दीचा चालता नकाशा आहे. एका गटाला मार्गातले चौक क्रमाने टिपायला द्या. यण्णीमज्जन, कप्पडकळी ही यात्रेतल्या विधींची नावं ऐकतील तशी लिहू द्या आणि नंतर कन्नड जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. मुलाखती फेब्रुवारीत. मार्चनंतर बाहेरचं काम सकाळी नऊच्या आत संपवा, सोलापूरचं ऊन सांगून सवरून येत नाही.

पाचवं उद्दिष्ट जमलं तरच घ्या: वादाच्या एका प्रश्नावर दोन्ही बाजू अशा लिहायच्या, की त्या त्या बाजूच्या माणसाने वाचून ‘हो, माझं म्हणणं हेच आहे’ असं म्हणावं. विमानांच्या मार्गात अडथळा येतो म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली, तो विषय घ्या. कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी आणि विमानसेवा हवी असलेला, पुण्यात नोकरी करणारा तरुण, दोघेही मुलांच्या घरातच भेटतात. आपलं मत लिहायला स्वतंत्र परिच्छेद द्या, नाहीतर ते दोन्ही बाजूंत झिरपतं.

गुणांचं मी असं करीन: ५० पैकी नकाशाला १५, पुराव्याच्या पानाला १०, पाण्याच्या तक्त्याला १०, मुलाखतीला १०, आणि केलेलं काम त्या गल्लीत परत नेऊन दाखवण्याला ५. गटाला एकसारखे गुण देऊ नका. प्रत्येकाने आपण काढलेल्या भागावर नाव घालायचं आणि तोंडी परीक्षा गल्लीतच घ्यायची, माणशी पाच मिनिटं. ‘तुझ्या नकाशातलं हे घर दाखव’ एवढा एक प्रश्न विचारला, की कोण आलं होतं आणि कोणी घरी बसून उतरवलं ते कळतं.

परत नेताना नकाशावर घरमालकांची नावं आणि मजुरीचे आकडे नकोत. पाण्याचा तक्ता घर क्रमांकांशिवाय द्या. लोक चुका दाखवतील, ‘हे दुकान माझं नाही, माझ्या भावाचं’ असं सांगतील. त्या दुरुस्त्या लाल शाईने तिथल्या तिथे करा आणि लाल शाईची ती प्रतच विभागात ठेवा. मागच्या बाजूला तारीख, वार, वेळ आणि पाणी येण्याचा दिवस होता की नव्हता ते लिहा. पुढच्या वर्षीच्या बॅचला तीच गल्ली आणि तोच कागद द्यायचा, आणि बदललेली दारं तेवढी हिरव्या शाईने भरायला सांगायची.